विश्लेषण : कर्करोगाची गोळी स्वस्त होते ती कशी? डॉ. ख्वाजा हमीद यांच्या लढ्याची गोष्ट

नांदेड, लातूरकडचे अनेक कर्करुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार घेतात. गावी परतल्यावर मात्र महिनोन्‌महिने गोळ्या विकत घ्याव्या लागतात. एकाच औषधाच्या मूळ ब्रँडच्या आणि जेनेरिक गोळीच्या किमतीत काही वेळा दहापटीहून जास्त फरक असतो. तेवढ्या फरकावर शेत राहणार की विकावे लागणार, हे ठरू शकते. भारतात स्वस्त जेनेरिक औषधांची वाट मोकळी व्हावी यासाठी झटणाऱ्यांत ‘सिप्ला’चे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद आघाडीवर होते.

कोण होते डॉ. हमीद?

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलिगढला झाला. तरुणपणीच त्यांच्यावर महात्मा गांधींचा प्रभाव पडला. पुढे त्यांनी जर्मनीत जाऊन बर्लिन विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मूळच्या लिथुआनियाच्या ज्यू असलेल्या लुबा यांच्याशी त्यांनी विवाह केला. मायदेशी परतल्यावर १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. तीच आजची सिप्ला. १९३९ मध्ये गांधीजींनी या कारखान्याला भेट दिली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी औषधांची आवक आटली, तेव्हा देशी उत्पादनाचे मोल साऱ्यांनाच कळले.

त्यांचा आक्षेप कशाला होता?

स्वातंत्र्यानंतरही १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदाच लागू होता. त्यात थेट औषधावर १६ वर्षांची मक्तेदारी मिळे. बाजारावर परदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता आणि किमतीही चढ्या होत्या. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात कायदा बदलण्याची शिफारस केली. १९६१ मध्ये भारतीय औषध उत्पादकांची संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत हमीद पुढे होते. पेटंट औषधावर नको, ते बनवण्याच्या पद्धतीवर असावे, अशी मागणी होती.

१९७० च्या कायद्याने ती मान्य केली. औषधनिर्मितीच्या पद्धतीवरील पेटंटची मुदतही पाच ते सात वर्षांवर आली. हा कायदा २० एप्रिल १९७२ रोजी लागू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जून रोजी हमीद यांचे निधन झाले. कायद्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कर्करुग्णांना काय मिळाले?

पुढच्या तीन दशकांत भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्यात तरबेज झाल्या. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून औषधावरील पेटंट परत आले, तेही २० वर्षांसाठी. तरी किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवण्याला कलम ३(ड) ने आळा घातला. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’साठी नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर जेनेरिकचा सुमारे ८ ते १० हजार होता.

मुदत संपल्यावर काय होते?

फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिब हे बोलके उदाहरण आहे. रोशची ‘टार्सिव्हा’ ४,८०० रुपयांना एक गोळी होती. २००८ मध्ये सिप्लाने तीच १,६०० रुपयांना आणली. खटला वर्षानुवर्षे चालला. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंटभंग झाल्याचे मान्य केले. पण मुदत मार्च २०१६ मध्ये संपणार असल्याने उत्पादन थांबवले नाही.

मुदत संपली की औषध नियंत्रकांची परवानगी घेऊन कोणतीही कंपनी ते औषध बनवू शकते. उत्पादक वाढले की भाव उतरतात. संशोधनाचा खर्च निघायला पेटंट हवेच, असे मूळ कंपन्या म्हणतात. हमीद यांच्या काळातली मोकळीक आता उरलेली नाही, त्यामुळे नव्या औषधाच्या रुग्णाला अनेकदा मुदत संपण्याची वाट पाहावी लागते. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, जेनेरिक चालेल का ते विचारावे. गोळी मात्र स्वतःहून बदलू नये.