फ्लॉरेन्स लॉरेन्स : एका नटीचें नांव

चित्रपट सुरू होतांच नटनटींचीं नांवें पडद्यावर झळकतात. किंबहुना पुष्कळ प्रेक्षक तीं नांवें वाचूनच तिकीट काढतात. परंतु अमेरिकेंत चित्रपटाच्या बाल्यावस्थेंत असा प्रघात नव्हता. चित्र कोणत्या कंपनीचें हें लोकांस कळे. त्यांत काम कोणाचें हें मात्र कळत नसे. हा प्रघात ज्यांच्यामुळें मोडला, त्यांत फ्लॉरेन्स लॉरेन्स हिची गणना प्रथम करावी लागते.

तिचा जन्म २ जानेवारी १८८६ रोजीं कॅनडांतील हॅमिल्टन येथें झाला. बाप घोडागाड्या बांधण्याचा धंदा करी. आई शार्लट ब्रिजवुड ही लॉटा लॉरेन्स या नांवानें रंगभूमीवर वावरे व स्वतःची फिरती नाटकमंडळी चालवी. म्हणजे मुलीचें खरें आडनांव ब्रिजवुड. लॉरेन्स हें आईनें रंगभूमीसाठीं घेतलेलें. नीट चालतां-बोलतां येऊं लागतें न लागतें तोंच ही पोर आईबरोबर प्रेक्षकांपुढें उभी राहिली, आणि 'बेबी फ्लो' म्हणून जाहिरातींत मिरवूं लागली. आज या गांवीं मुक्काम, उद्यां त्या गांवीं, अशा वणवणींत तिचें बालपण गेलें. १८९८ सालीं बाप वारला. पुढें मंडळीही मोडली, व मायलेकी कामाच्या शोधांत न्यूयॉर्कला आल्या.

नाटकांत काम मिळेना, तेव्हां त्या चलच्चित्रांकडे वळल्या. त्या काळीं रंगभूमीवरील नटांस चलच्चित्रांत काम करणें कमीपणाचें वाटे. पण पोटाला मान-अपमान कळत नाहीं! एडिसन कंपनी डॅनिअल बून या सुप्रसिद्ध अरण्यवासी वीरावर चित्र काढीत होती. फ्लॉरेन्सला घोड्यावर बसतां येत होतें, आणि या गुणावर तिला काम मिळालें. कडाक्याच्या थंडींत उघड्यावर चित्रण चाले. रोजचे ५ डॉलर मिळत. तेथून ती व्हायटाग्राफ कंपनींत गेली, आणि १९०८ सालीं बायोग्राफ कंपनीचे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनीं तिला आपल्याकडे ओढलें. त्याच वर्षीं हॅरी सॉल्टर या नटाशीं तिचा विवाह झाला.

ग्रिफिथ यांच्या हाताखालीं तिनें अनेक छोटे चित्रपट केले. टॉल्स्टॉय यांच्या 'रेझरेक्शन' या कादंबरीवरील चित्रांत ती नायिका होती, आणि जोन्स नांवाच्या दांपत्याच्या विनोदी चित्रांत प्रेक्षकांस पोट धरून हंसवीतही होती. लोक तिला ओळखूं लागले. पण हांक काय मारणार? तेव्हां त्यांनींच तिला बायोग्राफची मुलगी असें नांव दिलें. तिचें खरें नांव विचारणारीं पत्रें कंपनीकडे येत, परंतु कंपनी तें सांगत नसे. नांव झालें म्हणजे नट पगार वाढवून मागेल, ही धनिकांची धास्ती होती. आणि ती अगदींच खोटी नव्हती, हें पुढें दिसून आलेंच.

१९०९ सालीं बायोग्राफनें तिला काढून टाकलें. त्या वेळीं एडिसन, बायोग्राफ वगैरे मोठ्या कंपन्यांनीं जूट करून सारा धंदा मुठींत ठेवला होता. या जुटीशीं झगडणारे कार्ल लेम्ली यांनीं फ्लॉरेन्सला आपल्या कंपनींत घेतलें. १९१० च्या आरंभीं ट्रॅमगाडीखालीं सांपडून ती मरण पावली, अशी आवई उठली. लगेच मार्च महिन्यांत लेम्ली यांनीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली कीं, ही बातमी शत्रूंनीं उठविलेली असून फ्लॉरेन्स लॉरेन्स सुखरूप आहे. तिचें नांव अशा रीतीनें छापून आलें. आवई मुळांत लेम्ली यांनींच उठविली असावी, असें पुष्कळ इतिहासकारांचें मत आहे. तसें असेल तर युक्ति मोठी हुशारीची खरी. पण जिवंत माणसाच्या मरणाचा असा व्यापार करणें मला तरी शोभादायक वाटत नाहीं. पुढें ती किंग बॅगट या सहकारी नटासह सेंट लुई शहरीं गेली, तेव्हां तिला डोळ्यांनीं पाहण्यासाठीं स्टेशनावर अपार गर्दी लोटली.

यानंतरचीं चार वर्षें वैभवाचीं. १९११ मध्यें ती लुबिन कंपनींत होती. १९१२ मध्यें पतिपत्नींनीं व्हिक्टर नांवाची स्वतःची कंपनी काढली. न्यू जर्सी प्रांतांत तिनें शेतजमीन घेतली व तेथें गुलाब लावले. तिला मोटारीचाही फार शौक. कळ दाबतांच मागच्या बाजूस निशाण वर येऊन वळण्याची दिशा दाखवावी, आणि ब्रेक दाबतांच थांबण्याची पाटी दिसावी, अशी योजना तिनें १९१४ च्या सुमारास तयार केली; परंतु तिचें पेटंट घेतलें नाहीं. आई अधिक व्यवहारी निघाली. मोटारीची कांच विजेच्या साहाय्यानें पुसण्याच्या यंत्राचें पेटंट तिनें १९१७ सालीं आपल्या नांवें घेतलें.

'पॉन्स ऑफ डेस्टिनी' या चित्रासाठीं लावलेली आग आवरेनाशी झाली, आणि फ्लॉरेन्स भाजली. पाठीसही जबर इजा झाली. १९१६ सालीं ती पुन्हा उभी राहिली, पण शरीरानें साथ दिली नाहीं. ती बरी होईपर्यंत जग थांबलें नव्हतें. ज्या दारांतून ती आंत शिरली होती, त्याच दारानें मेरी पिकफर्डसारख्या कितीतरी नव्या नटी येऊन गेल्या होत्या, आणि त्यांचीं नांवें आतां घरोघरीं झालीं होतीं. हॉलिवुडमध्यें परत पाय रोवण्याचा तिचा यत्न फसला. सौंदर्यप्रसाधनांचें दुकानही तिनें चालवून पाहिलें. सॉल्टर वारले, पुढील दोन विवाहही टिकले नाहींत, १९२९ सालीं आईही गेली.

१९३६ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें जुन्या नटनटींस आठवड्याला ७५ डॉलरवर किरकोळ कामें देऊं केलीं. फ्लॉरेन्सनें तें काम पत्करलें. किंग बॅगटवरही तेथें अशीच वेळ आली होती. गर्दींत उभें राहावें, दारांतून आंत यावें, क्वचित् एखादें वाक्य बोलावें. आणि अशा कामाला पडद्यावर नांव नसे. याला कोणी धर्मादाय म्हणेल; परंतु काम करून घेतलेला पैसा तो तिच्या कष्टाचाच होता. त्यांत हाडांच्या असाध्य रोगानें तिला गांठलें. २८ डिसेंबर १९३८ रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, निराशेच्या भरांत तिनें स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें.

हॉलिवुडच्या दफनभूमींत तिची कबर ५० वर्षांहून अधिक काळ नांवावांचून होती. १९९१ सालीं एका नटानें आपलें नांव प्रसिद्ध न करतां पैसे दिले, व तेथें एक शिला बसविण्यांत आली. तिच्यावर बायोग्राफची मुलगी व पहिली चित्रतारका अशीं दोन बिरुदें असून खालीं फ्लॉरेन्स लॉरेन्स हें नांव कोरलें आहे. जन्माचें साल मात्र १८८६ च्या ऐवजीं १८९० पडलें आहे.