इंजिनांचे कारखानदार : शंतनुराव किर्लोस्कर

(शेतातला पंप, रस्त्यावरचा ट्रक, दवाखान्यातला जनरेटर ही सगळी इंजिनाच्या बळावर चालतात. अशी इंजिने आपल्या देशात बनावीत म्हणून आयुष्यभर खटपट करणाऱ्या एका कारखानदाराची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांचा जन्म आपल्या सोलापुरातच झाला.)

सोलापूर जिल्हा हा कमी पावसाचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याची नजर कधी आभाळाकडे, तर कधी विहिरीकडे लागलेली असते. पूर्वी विहिरीचे पाणी मोटेने काढत. चामड्याची मोठी मोट विहिरीत सोडायची आणि बैलांनी ती ओढायची. पहाटेपासून दुपारपर्यंत बैल राबले तरी थोडेच रान भिजे. पुढे विहिरीच्या काठावर डिझेलवर चालणारे इंजिन आले. त्याच्या टकटक आवाजाबरोबर पाटात पाणी खळखळू लागले. खेड्यापाड्यांत ज्यांच्या नावाने ही इंजिने ओळखली जाऊ लागली, त्या किर्लोस्कर घराण्यातील शंतनुरावांची ही गोष्ट आहे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव लक्ष्मणराव आणि आईचे नाव राधाबाई. लक्ष्मणराव तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला गेले होते. परंतु रंगांमधला फरक त्यांना नीट ओळखता येत नाही, असे लक्षात आले. त्यांनी चित्रकला सोडली आणि यंत्रांची रेखाटने काढण्याचे शिक्षण घेतले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिकवू लागले. नंतर नोकरी सोडून त्यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले. शंतनुराव जन्मले, त्याच सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडामुळे जमीन नासेल, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. तिथे पाणी नव्हते. जिकडे तिकडे निवडुंग आणि साप होते. लक्ष्मणराव, त्यांचे सहकारी आणि कामगार यांनी तो माळ साफ केला. कारखाना उभा राहिला, घरे उभी राहिली. हेच गाव पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाले. लहानगा शंतनु या गावात वाढला. भट्टीतला तापलेला रस, साच्यात ओतलेले लोखंड आणि कामगारांचे काळवंडलेले हात हे सारे तो रोज पाहत असे.

शालेय शिक्षण संपल्यावर शंतनुराव अमेरिकेला गेले. तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामवंत संस्थेत त्यांनी यंत्रविद्येचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये पदवी मिळवली. त्या काळी अमेरिकेला जाऊन अशी पदवी मिळवणारे भारतीय फारच थोडे होते. पदवी घेऊन ते परत आले आणि माळरानावरच्या आपल्या कारखान्यात कामाला लागले.

नांगर, चरक आणि पाण्याचे पंप ही किर्लोस्करवाडीची नेहमीची कामे होती. मंदीच्या दिवसांत शेतीची अवजारे खपेनाशी झाली, तेव्हा लोखंडी टेबले, खुर्च्या व कपाटे तयार करून कारखाना चालू ठेवावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रे येणे कठीण झाले. लेथ नसेल तर दुसरे कोणतेच यंत्र बनवता येत नाही. म्हणून किर्लोस्करांनी लेथ बनवण्यावर भर दिला. १९४१ मध्ये हरिहर येथे त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली.

पंप बनत होते, पण पंप फिरवायचा कशाने? तेव्हा खेड्यांत वीज नव्हती. त्यासाठी इंजिनच हवे होते, आणि बहुतेक इंजिने विलायतेहून येत. आपल्याकडेही प्रयत्न सुरू झाले होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या काही वर्षांतच डिझेल इंजिन तयार केले होते. पण देशाची गरज फार मोठी होती. ही गरज ओळखून शंतनुरावांनी १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू केली. एका ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले आणि खडकी येथे कारखाना उभारला.

हे काम इतके अवघड का होते, हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाच्या आत डोकावून पाहू या. या इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. पिस्टन वर येतो आणि सिलिंडरमधली हवा जोराने दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. इंजिनात हवा मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या किंवा सतराव्या भागात दाबली जाते. त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सियसच्याही पुढे तापते. या तप्त हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा उडवला की ते आपोआप पेट घेते आणि पिस्टनला खाली रेटते.

हा फवारा उडवणाऱ्या भागाला इंजेक्टर म्हणतात. त्याच्या टोकाशी असलेल्या नोझलची छिद्रे सुईच्या टोकासारखी बारीक असतात. हवेच्या दाबाच्या दोनशेपट किंवा त्याहून अधिक दाबाने डिझेल त्यांतून बाहेर पडते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा फवारा मिनिटाला ७५० वेळा उडतो. प्रत्येक वेळी त्याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो. इंधनाचा पंप आणि नोझल यांचे आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसतात की, त्यांच्यामधली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. त्यात धुळीचा कण अडकला की फवारा बिघडतो. इंजिन काळा धूर ओकते आणि बंद पडते. ऐन उन्हाळ्यात असे झाले तर शेतकऱ्याचे उभे पीक वाळून जाते. म्हणजे एका बारीक छिद्रावर एका घराचे वर्षभराचे अन्न अवलंबून असते.

लोखंडाचा नांगर ओतणे वेगळे आणि केसाहून बारीक मापाचे काम करणे वेगळे. त्यासाठी नवी यंत्रे लागतात, अचूक मापे लागतात. काम थोडे चुकले तरी तो भाग बाजूला काढण्याची शिस्त लागते. भारतातले कामगार हे करू शकतील की नाही, अशी शंका त्या वेळी अनेकांना होती. शंतनुरावांना ती नव्हती. त्यांच्या वडिलांनी खेड्यातल्या साध्या माणसांना हाताशी धरून कारखाना उभा केला होता. योग्य शिक्षण आणि योग्य साधने मिळाली तर तेच हात इंजिनही बनवतील, यावर त्यांचा विश्वास होता.

या कामाच्या आरंभीच एक मोठे संकट आले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात दंगली उसळल्या. त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. चाळीस वर्षांच्या श्रमांची राख झाली. तरीही किर्लोस्करांनी गाव सोडले नाही. त्यांनी तोच कारखाना पुन्हा उभा केला.

इकडे पुण्याच्या कारखान्यातून इंजिने बाहेर पडू लागली. पाच अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे शेतकऱ्याच्या मळ्यातला भरवशाचा गडीच झाला. ते विहिरीवर पाणी ओढी, गावात पिठाची गिरणी चालवी. १९५१ मध्ये बंगळूर येथे मायको ही कंपनी सुरू झाली. तिने इंधनाचे पंप आणि नोझल देशातच बनवायला घेतले. पुढे तिचा एक कारखाना आपल्या महाराष्ट्रात नाशिकलाही निघाला. अशा रीतीने इंजिनाचे नाजूक भागही देशातच तयार होऊ लागले.

शेतीच्या पंपाला पाच अश्वशक्ती पुरे होते. पण धरणे बांधायची, खाणी खणायच्या, मोठमोठे रस्ते करायचे तर शेकडो अश्वशक्तीची इंजिने हवी होती. त्यासाठी शंतनुरावांनी अमेरिकेतील कमिन्स या कंपनीशी करार केला. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली.

कमिन्स कंपनी शक्तिमान डिझेल इंजिनांसाठी प्रसिद्ध होती. १९५२ मध्ये तिने अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या मोटार शर्यतीत डिझेलवर चालणारी गाडी उतरवली होती. त्या गाडीच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडलेला होता. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. वाया जाणाऱ्या धुराकडून तो काम करून घेतो आणि जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. चाचणी फेऱ्यांत वेग नोंदवून या गाडीने शर्यतीच्या आरंभासाठी सर्वांत पुढची जागा मिळवली. सगळे थक्क झाले. पण शर्यतीत टर्बोचार्जरच्या तोंडाशी रस्त्यावरच्या रबराचा चुरा अडकला आणि गाडी अर्ध्यातूनच बाहेर पडली. इंजिनाला इंधनाइतकीच मोकळ्या हवेचीही गरज असते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

आजही गाडीची ताकद वाढवण्यासाठी काही लोक तिला जास्त इंधन सोडणारे मोठे इंजेक्टर बसवतात. पण नुसते डिझेल वाढवले आणि हवा तेवढीच राहिली, तर डिझेल पुरते जळत नाही. काळा धूर निघतो, इंजिन फाजील तापते आणि पिस्टनला इजा होते. पेट्रोलच्या गाडीत याच्या उलटही घडते. टर्बोने हवा वाढवली आणि इंजेक्टर लहान पडले, तर इंधन अपुरे पडते. तेव्हाही इंजिन तापून खराब होते. म्हणून हवा, इंधन, थंड ठेवण्याची सोय आणि लोखंडाची मजबुती या चारही गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात. मोठी इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात हाच हिशेब रोज करावा लागतो. पुण्याचे तंत्रज्ञ आणि कामगार तो हिशेब शिकले आणि तिथे मोठी इंजिने बनू लागली.

आपला माल देशात खपतो, एवढ्यावर शंतनुराव समाधानी नव्हते. परदेशातल्या बाजारात तो टिकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी आपली इंजिने आणि पंप अनेक देशांत पाठवले. जिथून एके काळी इंजिने येत, त्या दूरच्या बाजारांत भारतीय इंजिने जाऊ लागली. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. पुढे त्यांनी 'कॅक्टस अँड रोझेस' या नावाने इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. किर्लोस्करवाडीच्या माळावरचा निवडुंग त्या नावातही डोकावतो.

२४ एप्रिल १९९४ रोजी शंतनुरावांचे निधन झाले. २००३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या सोलापुरात ते जन्मले, तिथे आज किर्लोस्कर फेरस या कारखान्यात इंजिनांचे ओतीव भाग तयार होतात. आपल्या शहरातली कितीतरी मुले तांत्रिक विद्यालयांत लेथ चालवायला आणि इंजिन दुरुस्त करायला शिकतात. केसाहून बारीक माप सांभाळण्याचे ज्ञान आता त्यांच्याही हातात आले आहे.

शब्दार्थ
खटपट – कोशिश
माळरान – ओसाड, उघडी जमीन
मोट – विहिरीतून पाणी काढण्याची चामड्याची मोठी पिशवी
चरक – उसाचा रस काढण्याचे यंत्र
अचूक – बिनचूक, अगदी बरोबर
अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजण्याचे माप
फाजील – गरजेपेक्षा जास्त

स्वाध्याय
१. पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षे का लागली?
२. डिझेल इंजिनात ठिणगी न पाडता इंधन कसे पेटते?
३. कारणे लिहा : नुसते डिझेल वाढवून इंजिनाची ताकद वाढत नाही.
४. शंतनुरावांच्या जीवनातील चार घटना सालांसह लिहा.
५. तुमच्या भागातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. तेथे पाहिलेल्या इंजिनाच्या भागांची नावे मराठीत व उर्दूत लिहा.