ए/बी टेस्टिंगच्या आधीची पाकिटं: ब्रॅडफर्ड हिल यांची गोष्ट

एकच अ‍ॅप, पण तुमच्या फोनवर बटण हिरवं आणि मित्राच्या फोनवर निळं, असं कधी झालंय? याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. कोणाला काय दाखवायचं ते कॉम्प्युटर रँडम ठरवतो. नोकरीत नवीन असताना मी इथेच चुकलो. नवीन फीचर आधी फक्त महागड्या फोनवाल्यांना दिलं. आकडे मस्त आले! नंतर कळलं, वेग फीचरमुळे नाही, फोनमुळेच वाढला होता.

माझा एक रिलीज वाया गेला, एवढंच. औषधाच्या बाबतीत हीच चूक झाली तर माणसं दगावतात. ती टाळायची पद्धत वैद्यकात रुजवली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. ते डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते.

हिल यांचा जन्म १८९७ मध्ये लंडनला झाला. त्यांना खरं तर डॉक्टरच व्हायचं होतं. पण पहिल्या महायुद्धात पायलट असताना त्यांना टीबी झाला. ते वाचतील असं कोणाला वाटत नव्हतं. ते वाचले, पण डॉक्टरकी हुकली. आजारपणातच त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे आकडेवारीच्या वाटेने वैद्यकात शिरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध आलं. ब्रिटनकडे ते इतकं थोडं होतं की सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. मग द्यायचं कोणाला? डॉक्टरांवर सोडलं, तर ते बरा होईलसा वाटणारा पेशंट निवडणार, म्हणजे माझ्या महागड्या फोनांसारखंच!

हिल यांनी रँडम आकड्यांवरून यादी बनवली आणि प्रत्येक पेशंटचा गट बंद पाकिटात ठेवला. पेशंट चाचणीत घेतला की मगच पाकीट उघडायचं. एक्स-रे तपासणाऱ्यांनाही कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नसायचं. पेशंटनाही आपण चाचणीत आहोत हे सांगितलं नव्हतं. आजच्या नियमांत हे बसणार नाही.

१९४८ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले. फक्त विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. दोन्ही गट सारखे असल्यामुळे हा फरक औषधाचाच, हे ठामपणे म्हणता आलं. औषधाची दुसरी बाजूही याच चाचणीत दिसली: बऱ्याच पेशंटमधले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून पुढे दोन औषधं एकत्र देऊन चाचणी झाली.

हिल १९९१ मध्ये वारले, वयाच्या ९३ व्या वर्षी. टीबीने विशीत मरणार असं ठरलेला हा माणूस!

आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'या औषधाने इतके जण बरे झाले' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: औषध न घेतलेल्यांचं काय झालं, आणि कोणाला द्यायचं हे कसं ठरवलं?