टेलिफोनवरच्या गाण्यात नूतन एक शब्दही बोलत नाहीत, तरी ते गाणं त्यांचं का वाटतं?

१९५९ च्या ‘सुजाता’ चित्रपटात सुनील दत्त टेलिफोनवर एक गाणं म्हणतात. आवाज तलत महमूद यांचा, संगीत एस. डी. बर्मन यांचं. पलीकडे रिसीव्हर कानाला लावून नूतन नुसत्या ऐकत असतात. तरीही गाणं संपल्यावर लक्षात राहतो तो ऐकणारीचा चेहरा. ब्राह्मण घरात वाढलेल्या, पण ‘अस्पृश्य’ म्हणून जन्मलेल्या मुलीला कुणीतरी प्रेमाने हाक मारतंय. तिला आनंद होतोय आणि त्या आनंदाची भीतीही वाटतेय. या दोन्ही गोष्टी नूतन फक्त डोळ्यांतून सांगतात.

समर्थांच्या घरातली मुलगी

नूतन यांचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक होते. आई शोभना समर्थ ‘रामराज्य’मधली सीता म्हणून घराघरांत पोहोचल्या होत्या. इतक्या देखण्या आईची ही मुलगी मात्र सडपातळ आणि सावळी. लहानपणी रूपावरून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. १९५० मध्ये आईनेच ‘हमारी बेटी’मधून तिला पडद्यावर आणलं. काही चित्रपटांनंतर शिक्षणासाठी ती स्वित्झर्लंडला गेली. परतल्यावर १९५५ च्या ‘सीमा’ने चित्र पालटलं. चोरीचा खोटा आळ आलेल्या बंडखोर मुलीच्या या भूमिकेसाठी त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

एकच वर्ष, दोन टोकं

१९५९ मध्ये नौदल अधिकारी रजनीश बहल यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि १९६१ मध्ये मुलगा मोहनीशचा जन्म झाला. त्या काळी लग्न आणि मूल म्हणजे नायिकेची कारकीर्द संपली, असंच मानलं जाई. नूतन यांचं सर्वांत गाजलेलं काम मात्र त्यानंतरचं आहे.

१९६३ मध्ये बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ आला. त्यातली कल्याणी ज्या रुग्णाची सेवा करते, ती आपल्याच प्रियकराची बायको असल्याचं तिला कळतं. बाहेर घणाचे ठोके पडत असतात, चेहऱ्यावर उजेड-अंधार खेळत असतो आणि त्या क्षणी तिच्या मनात खुनाचा विचार पक्का होतो. इथे ना संवाद आहे ना आक्रोश. चेहरा हळूहळू घट्ट होत जातो, एवढंच.

त्याच वर्षी विजय आनंद यांचा ‘तेरे घर के सामने’ही आला. घर बांधायला निघालेले दोन भांडखोर बाप आणि त्यांची प्रेमात पडलेली मुलं, अशी ही हलकीफुलकी गोष्ट. देव आनंद यांचा सगळा डौल हालचालीत. नूतन मात्र ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरतात, नजर किंचित वळवतात. कुतुबमिनारच्या जिन्यातलं गाणं पाहा (खरा जिना अरुंद असल्याने त्यासाठी सेट उभारला होता). नायक गातो, ती पायऱ्या उतरत ऐकते, आणि ती प्रेमात पडल्याचं प्रेक्षकाला तिच्या आधी कळतं.

खुनी कल्याणी आणि खट्याळ सुलेखा यांच्यामागची पद्धत एकच होती: भावना दाखवायची नाही, ती दडवण्याची धडपड दाखवायची. रडणारं पात्र बघितलं जातं, पण रडू आवरणाऱ्या पात्राशी प्रेक्षक जोडला जातो.

पुढे काय झालं?

‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ या चित्रपटांसाठी नूतन यांना पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. पुढे या विक्रमाशी बरोबरी केली ती त्यांच्या भाचीने, काजोलने. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या अवघ्या ५४ वर्षांच्या होत्या.

त्यांचं काम पहिल्यांदाच पाहणार असाल, तर ‘तेरे घर के सामने’ आणि ‘बंदिनी’ लागोपाठ पाहा. दोन्ही वेळा नायक बोलत असताना लक्ष मात्र नूतन यांच्याकडे ठेवा.