हेन्री फोर्ड आणि विजेची मोटार

हेन्री फोर्ड यांचे नाव घेतले की स्वस्त मोटार आठवते. श्रीमंतांच्या बंगल्यासमोरचे हे वाहन त्यांनी शेतकऱ्याच्या दारात आणून उभे केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु याच फोर्ड यांनी विजेवर चालणारी स्वस्त मोटार काढण्याचाही घाट घातला होता आणि तो तडीस गेला नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी आईचे छत्र हरपले. शेतातल्या राबणुकीत मन रमेना. यंत्रांचे मात्र वेड. सोळाव्या वर्षी ते डेट्रॉइट शहरी गेले व कारखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे १८९१ मध्ये एडिसन इल्युमिनेटिंग या वीज कंपनीत त्यांना इंजिनियरची नोकरी मिळाली. पोट विजेवर, पण ध्यास पेट्रोलच्या इंजिनाचा! घरामागच्या शेडमध्ये खटपट करून ४ जून १८९६ च्या पहाटे त्यांनी पहिली गाडी तयार केली. ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा फोडून वाट केली. त्याच वर्षी त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. नवल असे की, विजेच्या या महान संशोधकानेच त्यांना पेट्रोलच्या गाडीचे काम सोडू नका, असा धीर दिला.

त्या काळी विजेच्या मोटारी नव्या नव्हत्या. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारण्याची दगदग नाही. खुद्द फोर्ड यांच्या पत्नी क्लारा विजेची मोटार चालवीत. पण अशी मोटार म्हणजे धनिकांची चैन होती.

आधीचे दोन उद्योग फसल्यावर फोर्ड यांनी १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी स्थापन केली. १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली. तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये त्यांनी सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली. साडेबारा तासांचे सांगाड्याचे काम सुमारे दीड तासावर आले. किंमत उतरत उतरत तीनशे डॉलरच्याही खाली गेली. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी आठ तासांच्या कामाला पाच डॉलर रोज जाहीर केला. मोटार घडविणारा कामगारच आता ती विकत घेऊ शकणार होता.

त्याच महिन्यात फोर्ड यांनी एडिसन यांच्या सहकार्याने विजेची स्वस्त मोटार काढण्याचा मनोदय वृत्तपत्रांतून सांगितला. एडिसन यांनी निकेल व लोखंडाची बॅटरी अनेक वर्षे झिजून सिद्ध केली होती. प्रयोगासाठी गाड्याही तयार झाल्या. पण बाजारात एकही आली नाही. बॅटरी टिकाऊ होती, परंतु महाग, आणि थंडीत तिची शक्ती मंदावे. शिवाय बहुतेक शेतांवर वीज पोचलीच नव्हती. पेट्रोल मात्र डब्यातून कोठेही नेता येई. १९१२ पासून विजेवर सुरू होणारी पेट्रोलची गाडीही मिळू लागली आणि हँडलचा त्रास संपला. जुळणीचा खर्च कमी करण्याची कला फोर्ड यांना साधली होती. बॅटरीपुढे मात्र त्या कलेचा इलाज चालला नाही.

फोर्ड यांचे सारेच जीवन अनुकरणीय होते असे नाही. आपल्या साप्ताहिकातून त्यांनी ज्यूंविरुद्ध विखारी प्रचार चालविला. १९३७ मध्ये त्यांच्या माणसांनी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली. कामगाराला पाच डॉलर देणाऱ्या हातांनीच त्याची संघटना १९४१ पर्यंत अडवून धरली, हे विसरता येत नाही.

७ एप्रिल १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. नदीच्या पुराने घरातील वीज गेली होती. एके काळच्या वीज कंपनीच्या या इंजिनियरने मेणबत्त्यांच्या व रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात अखेरचा श्वास घेतला.

आज आपल्या रस्त्यांवर विजेच्या दुचाकी आणि मोटारी धावत आहेत. त्यांच्या किमतीतही बॅटरीचा वाटा मोठाच आहे. शोध लागला म्हणजे काम झाले असे नव्हे. तो रोजंदारीवर जगणाऱ्याच्या आवाक्यात आला, तरच लोकांचा होतो. पेट्रोलच्या मोटारीपुरते हे फोर्ड यांनी करून दाखविले. त्यांचे अर्धे राहिलेले काम पुरे करणे आपल्या पिढीकडे आले आहे.