शांता आपटे : पडद्यावरचे बंड आणि पडद्याबाहेरचे

शांता आपटे (१९१६–१९६४) १९३२ साली चित्रपटसृष्टीत आल्या. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील त्यांची नीरा वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न मानत नाही. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी पुण्यात ‘प्रभात’च्या दारातच उपोषण आरंभिले. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकात त्यांनी या व्यवसायातील शोषणाची चिकित्सा केली. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्यांच्या वाट्याला आली ती मात्र पतिव्रतेचीच भूमिका. नीरेचे बंड लेखक-दिग्दर्शकांनी रचलेले होते. उपोषण आणि पुस्तक यांची कर्ती स्वतः नटी होती. चित्रपटांतील स्त्रीप्रतिमेच्या इतिहासात नीरेइतकेच या दोहोंनाही स्थान द्यावे लागेल.