धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स

रोनाल्ड नॉक्स यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८८ रोजी इंग्लंडमधील किबवर्थ येथे झाला. वडील अँग्लिकन धर्मगुरू, पुढे मँचेस्टरचे बिशप. रोनाल्डही १९१२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाले. पण १९१७ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. वडिलांनी मृत्युपत्रातून त्यांचे नाव वगळले.

१९२६ पासून ते ऑक्सफर्डमधील कॅथलिक विद्यार्थ्यांचे धर्मगुरू होते. मानधन तुटपुंजे, रहस्यकादंबऱ्यांनी त्याला हातभार लावला. १९२५ ते १९३७ या काळात त्यांनी सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील पाचांचा नायक माइल्स ब्रेडन हा विमा कंपनीचा तपासनीस. वाचकाला फसवायचे नाही, हा नॉक्स यांचा आग्रह. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले : गुन्हेगार सुरुवातीलाच भेटावा, भुताखेतांची मदत नको, तपासात सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दिसावा.

त्यांच्या स्नेही लेडी ॲक्टन यांना मात्र हे लेखन त्यांच्या योग्यतेचे वाटत नसे. १९३७ नंतर नॉक्स यांनी रहस्यकादंबरी लिहिली नाही. पुढे नऊ वर्षे खपून त्यांनी एकट्याने संपूर्ण बायबलचा इंग्रजी अनुवाद केला. २४ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. कादंबऱ्या मागे पडल्या, तरी त्यांचे दहा नियम रहस्यकथेच्या चर्चेत आजही निघतात.